इंजिनातील पाठभेद : जुन्या जीपचे ‘मूळ’ इंजिन म्हणजे नेमके कोणते?

महायुद्धकालीन जीपचे बॉनेट उघडल्यावर आत जे इंजिन दिसते, ते त्या जीपचे असेलच असे नाही. बहुधा नसते. आणि ते नाही, हे लपवण्याचा सध्याचा आटापिटा इतिहासाच्या मुळावर येणारा आहे. आजचा धागा त्याविषयी.

आधी ओळख. दुसऱ्या महायुद्धातील जीप म्हणजे विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू. रेखांकन विलीजचे, पण एका कारखान्याला सैन्याची भूक भागवता येईना, म्हणून तीच गाडी फोर्डनेही बनवली. विलीजने साडेतीन लाखांहून अधिक, फोर्डने पावणेतीन लाखांच्या आसपास. दोन्हींत इंजिन एकाच जातीचे : चार सिलिंडर, १३४.२ घनइंच म्हणजे सुमारे २,१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. ‘गो-डेव्हिल’ हे त्याचे लोकप्रिय नाव.

हे इंजिनही काही कोऱ्या कागदावर जन्मलेले नव्हते. त्याचा पूर्वज १९२६ च्या ‘व्हिपेट’ या स्वस्त मोटारीत होता. विलीजचा मुख्य अभियंता डेलमार रूस याने १९३८ नंतर तेच इंजिन पुन्हा पुन्हा तपासून, एकेक कमकुवत भाग बदलून ४८ वरून ६० अश्वशक्तीपर्यंत आणले. ज्याला आज ‘मूळ’ म्हणतात, ते स्वतःच एक सुधारलेली आवृत्ती आहे!

मग समोरचे इंजिन ओळखायचे कसे? ऐतिहासिक कागद पारखावा तसेच. आधी बाह्य पुरावा. माथा सपाट आहे, वर फक्त स्पार्क प्लग दिसतात, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची नळी एकाच बाजूला आहेत, तर ते गो-डेव्हिल. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. माथ्यावर पत्र्याचे झाकण आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसवलेला असेल, तर ते नंतरचे ‘हरिकेन’. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले. मुंबईत महिंद्र अँड महिंद्रने अनेक वर्षे बनवलेली, खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक असलेली उंच कपाळाची जीप ती हीच.

घनमान मात्र दोन्हींचे एकच. व्यास आणि स्ट्रोक मोजून दोहोंतला फरक कळत नाही. नुसत्या मापावर विसंबणारा इथे हमखास फसतो.

मग अंतर्गत पुरावा. ब्लॉकच्या उजव्या अंगाला पुढच्या भागात एक सपाट उंचवटा असतो, त्यावर क्रमांक ठोकलेला असतो. आरंभी ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’. फोर्डच्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, वळणदार ‘एफ’ सापडतो. फोर्डने चासीवर आणि इंजिनावर एकच क्रमांक ठोकला. विलीजने तसे केले नाही. तिथे दोन क्रमांक मुळातच वेगळे. तरीही विलीजच्या जीपचे ‘मॅचिंग नंबर’ मिरवणारे महाभाग भेटतात. तिथे क्रमांक जुळले, तर संशय घ्यावा!

फोर्डच्या गाड्यांतही ही जोडी क्वचितच टिकली. युद्धात इंजिन निकामी झाले की सैन्याच्या डेपोत दुसरे, दुरुस्त करून ठेवलेले इंजिन चढवत आणि गाडी परत धाडत. क्रमांक जुळतो की नाही याची तिथे कुणाला फिकीर असणार? दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांत बसावेत, हीच तर योजना होती. न जुळणारा क्रमांक हा त्या गाडीच्या सेवेचा दाखला आहे. त्याला दोष मानणे ही संग्राहकांच्या बाजाराने लावलेली सवय आहे.

खरी गंमत इंजिन खोलल्यावर सुरू होते. पिस्टनच्या माथ्यावर ‘०३०’ असा आकडा दिसला, तर सिलिंडर कधीतरी एक इंचाच्या तीस सहस्रांशांनी मोठे बोअर केलेले आहेत. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या पाठीवर ‘०१०’ असेल, तर क्रँक एकदा तेवढा ग्राइंड झाला आहे. गाडी किती वेळा थकली आणि कितीदा उभी राहिली, याची ही नोंदवही. त्यातही एक चकवा आहे. भिंती आणखी कोरणे शक्य नसेल तेव्हा आत स्लीव्ह बसवून सिलिंडर पुन्हा मूळ मापावर आणतात. म्हणजे सर्वांत जास्त झिजलेले इंजिन मोजपट्टीला सर्वांत नवे भासते! ब्लॉकच्या माथ्यावर सिलिंडरभोवती दिसणारे बारीक कडे तेवढे खरे सांगते.

इंजिन बांधताना हे सगळे पुसले जाते. पुसावेच लागते, झिजलेले पिस्टन ठेवून गाडी चालत नाही. आक्षेप पुसण्याला नाही, नोंद न ठेवता पुसण्याला आहे. त्याहून मोठा आक्षेप आहे तो उंचवट्यावर ग्राइंडर फिरवून हवा तो क्रमांक नव्याने ठोकण्याला. बनावट ताम्रपट आणि बनावट इंजिन क्रमांक यांत तत्त्वतः काहीही फरक नाही. दोन्ही हक्क सिद्ध करण्यासाठीच घडवले जातात.

इथे कायद्याचा प्रश्न येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने वाहन, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

अट निरर्थक नाही, हे मान्य केले पाहिजे. ती नसती, तर जुन्या सांगाड्यात कालचे इंजिन घालून कुणीही ‘व्हिंटेज’ची पाटी लावली असती. पण भारतातील जीपचा इतिहास या अटीत मावत नाही. पेट्रोल महागले तेव्हा असंख्य मालकांनी हरिकेन उतरवून डिझेल इंजिन चढवले. १९८० च्या दशकात खुद्द महिंद्रच्या जीपमध्ये प्यूजोचे डिझेल इंजिन आले. घाटातून माणसे आणि माल वाहणाऱ्या जीपचे डिझेल इंजिन हा भेसळीचा पुरावा नाही. ती गाडी का जगली, याचे ते उत्तर आहे. नियमाचे बोट धरून आता तेच उत्तर भंगारात जाते, चोरबाजारातून एक अनोळखी हरिकेन येते आणि कागदावर इतिहास ‘शुद्ध’ होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांपुढे असाच पेच होता. हस्तलिखिते शेकडो, प्रत्येकात भर, प्रत्येकात गाळणी. त्यांनी एक पाठ स्वीकारला. पण नाकारलेले पाठभेद तळटीपांत दिले, मोठे क्षेपक परिशिष्टांत छापले. वाचकाला संपादकाचा निर्णय तपासून पाहता येतो, तो त्यामुळेच. जीप पुन्हा उभारणाऱ्याने हरिकेनच बसवावे, खुशाल बसवावे. पण उतरवलेल्या डिझेलचे परिशिष्ट कुठे आहे?

नियमांतही याला जागा करता येईल. पन्नास वर्षांच्या आयुष्यात झालेले, कागदोपत्री सिद्ध होणारे बदल आणि नोंदणीच्या तोंडावर केलेले बदल यांत फरक करणारा एक रकाना अर्जात हवा. इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते, नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक असतो. म्हणजे अनेक गाड्यांचे हे दप्तर आधीच अस्तित्वात आहे. जुनी नोंदणी पुस्तिका फाटकी म्हणून फेकणारे मालक आणि ती न पाहताच गाडीची किंमत सांगणारे दलाल, दोघेही तेच दप्तर बुडवतात.

जे आज इंजिन उघडणार आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. घासकाम सुरू करण्याआधी क्रमांकाच्या उंचवट्याचा तिरप्या उजेडात फोटो घ्या; पुसट ठसे तशाच उजेडात वाचता येतात. तिथे ग्राइंडर लावू देऊ नका, मऊ ब्रश आणि रॉकेल पुरते. सिलिंडरची मापे बोअर करण्यापूर्वी लिहून ठेवा, वरची आणि खालची वेगवेगळी. आणि ‘०३०’ लिहिलेला एक जुना पिस्टन भंगारवाल्याला न देता, चिठ्ठी बांधून, गाडीच्या कागदांसोबत ठेवा.