सोयाबीन जपानला पाठवायचंय? आधी आपली रास वेगळी ठेवा



आपलं सांगोला डाळिंबाचं. सोयाबीन इथं थोडंच. पण परवा बार्शीकडचे पाहुणे आले आणि विषय निघाला. म्हणाले, "2025-26 चा हमीभाव 5328, बाजारात तेवढंही मिळंना. आपलं सोयाबीन बिगर जीएम हाय. जपानवाले टोफूला घेतील की!"

मुद्दा खोटा नाही. आपल्या देशात जीएम सोयाबीन लावायला परवानगीच नाही. अमेरिकेत बहुतेक सगळं जीएम, तिथल्या शेतकऱ्याला बिगर जीएम माल मुद्दाम वेगळा सांभाळावा लागतो.

पण घेणारा कोण ते बघा. जपानी माणूस पिढ्यान्‌पिढ्या टोफू, मिसो, नाट्टो खातोय. टोफूसाठी त्याला दाणा एकसारखा, मोठा, जास्त प्रथिनाचा लागतो. दाण्यावरचा ठिपका फिका असला तर आणखी बरं. आपल्या जेएस 335 चा ठिपका काळा. आणि आडतीवर फुले संगम, फुले किमया, जेएस 335 सगळं एकाच ढिगात. तेल आणि पेंड काढणाऱ्याला ते चालतं, टोफूवाल्याला नाही.

बिगर जीएमचंही तसंच. जपानात एप्रिल 2023 पासून पाकिटावर तसं छापायचं तर तपासणीत जीएमचा अंश सापडता कामा नये. पूर्वी चुकून मिसळलेलं 5 टक्क्यांपर्यंत चालायचं. 2021 ला आपल्याच सरकारनं 12 लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली होती. त्यामुळं "आमच्याकडं नसतंच" हे तोंडी सांगून भागणार नाही, कागद लागतो.

हे आपण फळात शिकलोय. युरोपला डाळिंब पाठवायचं तर बागेची नोंदणी, फवारणीची वही, तोडणीआधी अंश तपासणी. 2010 ला द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं. घड दिसायला चांगलेच होते.

म्हणून माझं मत असं, की पहिल्याच वर्षी कंटेनरची स्वप्नं नकोत. एका गावानं, एका शेतकरी कंपनीनं पन्नास एकरावर एकच जात घ्यावी. मळणीयंत्र आधी झाडून घ्यावं, फेरे कमी ठेवावेत म्हणजे डाळ पडत नाही. ओलावा 12 टक्क्यांच्या आत, पोती आणि गोदाम वेगळं, फवारणीची वही रोजची. इंदूरच्या सोयाबीन संस्थेची एनआरसी 142 ही खाण्यासाठीचीच जात आहे, उग्र वास कमी. आपल्या भागात चालेल का, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच पेरा.

असा माल आधी पुण्या-मुंबईच्या टोफू, सोयादूध करणाऱ्यांना दाखवा. तिथं दोन हंगाम टिकला तर जपानची भाषा करू.

आणि एक. वेगळं ठेवायला खर्च येतो. घेणारा वरचा दर लेखी देत नसेल तर हा उद्योग करूच नका.

कुणी असा प्रयोग केला असेल तर खर्चाच्या आकड्यासकट सांगा. बार्शीच्या पाहुण्यांना तेच हवंय.