रंध्याखाली गेलेले वर्ष



या अंकात बोंडअळीवर लिहायचे ठरवले होते. पण गेल्या आठवड्यात मुकुटबनच्या बाजारात एका शेतकऱ्याने हाताला धरून हॉटेलात बसवले आणि चहा सांगायच्या आधीच विचारले, "साहेब, आमचं पोट्टं एक वर्ष आयटीआयमधी रंधा मारून आलं. सर्टिफिकेट पक्कं आहे. आता डिप्लोमाला टाकतो म्हटलं, तर तिथं म्हणते हे वर्ष आम्ही धरत नाही. मंग ते वर्ष गेलं कुठी?"

मी शेतीचा माणूस. खताची मात्रा विचारली असती तर तिथेच सांगितली असती. या प्रश्नासाठी दोन दिवस कागद चाळावे लागले. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो. बोंडअळी पुढच्या अंकात.

आधी आपल्या भागाचे पाहू. झरी जामणी तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर, आणि सगळे पावसाच्या भरवशावर. सहा एकरांत तीन भाऊ म्हटले की एकाने तरी हातकसब शिकावे असे घरात ठरतेच. पूर्वी गावचा वाढई वखर, तिफण, डवरा करून द्यायचा, गाडीचे जू बसवायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. त्याला कोणी सर्टिफिकेट विचारले नाही, कारण त्याच्या हाताची तिफण सगळा गाव चालवीत असे. आता वखर लोखंडाचा आणि गाडीच्या जागी ट्रॅक्टर. सुतारकाम मात्र संपलेले नाही. ते दारे-खिडक्यांत, प्लायवूडच्या कपाटांत आणि स्लॅबच्या सेंट्रिंगमध्ये गेले आहे, आणि त्यासाठी वणी, आदिलाबाद, नागपूर, कुठेही जावे लागते. परगावी हात कोण ओळखणार? तिथे कागदच विचारतात.

आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे. आठवी पास मुलालाही तो घेता येतो. हल्ली यादीत 'कारपेंटर' सापडला नाही तर 'वुड वर्क टेक्निशियन' हे नाव पाहा, पुष्कळ पालक तिथेच गोंधळतात. २०२२ साली अभ्यासक्रम नव्याने बांधला, तेव्हा वर्षाचे १२०० तास ठरले. त्यांत ८४० तास प्रत्यक्ष काम, २४० तास त्यामागची माहिती आणि १२० तास नोकरी-व्यवसायाला लागणाऱ्या बोलण्या-लिहिण्याचे. शिवाय १५० तास बाहेर प्रत्यक्ष कामावर.

आता हे आकडे बाजूला ठेवा आणि दुसरी गोष्ट ऐका. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर केला. क्रेडिट म्हटले की आपल्याला सोसायटीचे कर्ज आठवते. हे क्रेडिट कर्ज नव्हे, ही जमा आहे. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. ३० तास शिकले की १ श्रेयांक. हे माप नवे नाही. १९८५ साली स्थापन झालेले इग्नू हे मुक्त विद्यापीठ याच मापाने चालत आले आहे. नवीन एवढेच की शाळा, आयटीआय आणि कॉलेज या तिघांना आता एकच माप लावायचे आहे, आणि त्या मापाने सगळ्यांचेच वर्ष १२०० तासांचे म्हणजे ४० श्रेयांकांचे धरले आहे.

मग करा हिशेब. ८४० तासांचे २८, २४० चे ८, १२० चे ४. बेरीज बरोबर ४०. म्हणजे या मापाने त्या पोराचे रंध्याखाली गेलेले वर्ष वर्गात बसलेल्या पोराच्या वर्षाइतकेच वजनाचे ठरते. काटा चोख आहे. अडते ते पुढे, पावती घेणाऱ्याच्या दारात.

तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आयटीआयच्या मुलाला घेतात, पण त्याची दहावी आणि योग्य विषयातला दोन वर्षांचा ट्रेड झालेला असेल तर. आठवीनंतर आयटीआय करून भाषेचे विषय दिले की दहावीची समकक्षता मिळते, दहावीनंतर केले तर बारावीची. तीही दोन वर्षांच्या ट्रेडला. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, त्यांना ही दारे उघडतात. सुतार एक वर्षाचा. त्याला निम्मी सूट मिळते का? नाही, काहीच मिळत नाही. दोन क्विंटल कापूस आणला तर भाव देऊ आणि एक क्विंटल आणला तर फुकट ठेवून जा, असे कोणी व्यापारी म्हणाला तर आपण गाडी माघारी वळवू. इथे पोरगं माघारी येते.

त्यातली गंमत अशी की तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग असते आणि वर्कशॉप असते. त्या वर्कशॉपात सुतारकामाचाही विभाग असतो. ज्याने वर्षभर करवत चालवली, खाच आणि कुसू जुळवून चौकटी केल्या, त्याने तिथे पुन्हा पहिल्यापासून लाकडाचा तुकडा सरळ कापून दाखवायचा.

माझे मत विचाराल तर सगळा दोष डिप्लोमाच्या नियमाला देता येत नाही. सुतारकामाचा अभ्यासक्रमही असा मांडायला हवा की समोरच्या संस्थेला तो वाचता येईल. नकाशा वाचण्याला किती तास, मोजमाप आणि लाकडाच्या घनफळाच्या हिशेबाला किती, यंत्रावरच्या कामाला किती, प्रत्येक भागाचे तास आणि श्रेयांक वेगळे लिहिलेले हवेत. म्हणजे डिप्लोमावाला म्हणू शकेल, वर्कशॉप तुझे झाले, ड्रॉइंग निम्मे झाले, गणित आणि विज्ञान मात्र आमच्याकडे कर. सबंध वर्ष एकगठ्ठा पुढे केले की तो ते घेतो तरी किंवा टाकतो तरी, आणि बहुधा टाकतो. मुलगा गणितात कच्चा असेल तर त्याला नुसत्या श्रेयांकावर वर ढकलणेही बरे नाही, हेही सांगून ठेवतो. कच्च्या लाकडाची चौकट पहिल्या उन्हाळ्यातच वाकते.

कॅनडात हाच घोळ होता. एका प्रांतात शिकलेला सुतार दुसऱ्या प्रांतात गेला की त्याचा कागद चालत नसे. १९५० च्या दशकात त्यांनी प्रांताप्रांतांत एक सामाईक परीक्षा आणली. ती पास झाली की प्रमाणपत्रावर लाल शिक्का बसतो आणि तो सुतार देशभर चालतो. आपल्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र देशभर चालते, कामाला ते अडत नाही. अडते ते पुढच्या शिक्षणाला.

कागदाचा हा प्रश्न माझ्या घरातलाही आहे. माझ्या धाकट्या भावाने तरुणपणी एका संस्थेत वर्षभर सुतारकाम शिकले. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात शिकायला गेला, तेव्हा प्रमाणपत्रावर 'एक वर्ष' एवढेच लिहिलेले निघाले. किती तास, काय काय शिकला, याचा एक शब्द नाही. मागचा कागद आणायला गेला तर हजेरीपट वाळवीने खाल्लेला. त्याने ते वर्ष पुन्हा काढले. हात आधीच बसलेला होता, म्हणून सरांना फार आवडे. वय मात्र एक वर्षाने वाढले ते वाढलेच.

तेव्हा घरात मुलगा किंवा मुलगी (मुलीही या ट्रेडला जाऊ शकतात) सुतारकामाला घालणार असाल तर आधी दहावी होऊ द्या. आठवीवर प्रवेश मिळतो म्हणून घाई करू नका. आठवीवरच गेलेला असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, तो रस्ता लगेच धरा. आयटीआय सुटताना फक्त प्रमाणपत्र घेऊन निघू नका. गुणपत्रिका आणि त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम, ज्यात तास लिहिलेले असतात, तोही शिक्क्यासह मागून घ्या. मुलाने केलेल्या कामाची वही टाकू नका. त्यानंतर जमल्यास शिकाऊ उमेदवारी करावी. १९६१ च्या कायद्याने ती सोय आहे, विद्यावेतन मिळते आणि शेवटी वेगळे प्रमाणपत्रही हाती येते.

श्रेयांक जमा ठेवायला २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. डिजिलॉकरमधून तिचे खाते निघते. तिथे नावाची काळजी घ्या. आधारवर एक नाव, टी.सी.वर दुसरे, वडिलांचे नाव तिसरेच, असे झाले की सातबाऱ्यावर होते तीच धावपळ इथे होते. आणि खात्यात श्रेयांक जमा असणे वेगळे, दुसऱ्या संस्थेने ते धरणे वेगळे. प्रवेशाआधी त्या संस्थेला अर्ज देऊन विचारा की यातले किती धराल, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर पैसे भरू नका.

हॉटेलातल्या त्या शेतकऱ्याच्या मुलाची दहावी झालेली आहे, ५४ टक्के. सर्टिफिकेट बियाण्याच्या बिलांबरोबर पत्र्याच्या पेटीत होते, अभ्यासक्रमाचा कागद मात्र नव्हता. तो मागायला मुलगा सोमवारी आयटीआयत जाणार आहे. तंत्रनिकेतनाला द्यायचा अर्ज मी लिहून दिला आहे. त्यात वर्कशॉप आणि ड्रॉइंग या दोनच विषयांची सूट मागितली आहे, जास्त काही नाही. उत्तर आले की याच पानावर कळवीन.