न्यूनतम दराची बंदूक

संरक्षण मंत्रालयाने ३० डिसेंबर २०२५ रोजी सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनींच्या खरेदीचे करार केले. एकूण रक्कम सुमारे २,७७० कोटी रुपयांची आहे; नगांच्या संख्येने भागाकार केला असता एका बंदुकीस सरासरी पासष्ट हजार रुपये पडतात. यातील साठ टक्के हिस्सा पुण्याच्या भारत फोर्जकडे व उरलेला चाळीस टक्के पीएलआर सिस्टिम्स या कंपनीकडे आला आहे. भारत फोर्ज जी कार्बाइन घडविणार आहे, तिचे आरेखनही पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत झालेले आहे. पुणेकरांस याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे, व त्या अभिमानात आम्हीही सहभागी आहोत. परंतु हे कंत्राट मिळाले ते सर्वांत कमी दर भरल्यामुळे, ही गोष्ट अभिनंदनाच्या गर्दीत दृष्टीआड होता कामा नये.

आपल्याकडील लष्करी खरेदीची रीत अशी की, प्रथम शस्त्राच्या चाचण्या व्हावयाच्या, त्यांत जे उत्तीर्ण होतील त्यांच्याच दरांचे लिफाफे उघडावयाचे आणि ज्याचा दर न्यूनतम त्यास काम द्यावयाचे. वरकरणी यात दोष काढण्याजोगे काही नाही. सरकारी पैसा जनतेचा आहे, व वशिल्याला आळा घालण्यास याहून सोपा उपाय अद्याप कोणी सुचविलेला नाही. पण शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर, पस्तीस गुण मिळविणारा आणि नव्वद गुण मिळविणारा हे दोघेही येथे सारखेच उत्तीर्ण ठरतात. पुढे विचारले जाते ते इतकेच की, तुमच्यापैकी फी कमी कोणाची? अधिक गुणवत्तेबद्दल दरात काही सूट धरण्याची तरतूद २०१६ च्या खरेदी-नियमांत करण्यात आली खरी. तथापि तिची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. अशा स्थितीत कोणता कारखानदार किमान अटींच्या पुढे एक पाऊल टाकण्याचा खर्च करील?

स्वस्त ते सर्व टाकाऊ, असे मात्र आम्ही म्हणत नाही. इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. रशियनांनी १९५९ मध्ये कलाश्निकॉव्हची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत पोलाद कोरून काढण्याऐवजी पत्रा ठोकून सांगाडा घडविला. बंदूक हलकी झाली, स्वस्त झाली, आणि चिखलात लोळविली तरी चालत राहिली. आपणही १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच जातीच्या सुमारे एक लाख बंदुका परदेशांतून आणल्या होत्या. याउलट, डंकर्कच्या माघारीनंतर शस्त्रांच्या टंचाईने गांजलेल्या ब्रिटनने घाईघाईने काढलेली स्टेन गन घ्या. तीही स्वस्तच, पण तिचे मॅगझिन इतके लहरी की गोळी ऐन वेळी अडकून बसावयाची. पुढे स्टर्लिंग आली तेव्हा तिच्या मॅगझिनमध्ये मुद्दाम सुधारणा करावी लागली. आपल्या लष्कराने दशकानुदशके वापरलेली जुनी कार्बाइन ती हीच.

म्हणजे काटकसर केली की नाही यापेक्षा ती बंदुकीच्या कोणत्या भागात केली, हे पाहिले पाहिजे. इन्सास रायफलीचा अनुभव हेच सांगतो. तीही पाषाणचेच अपत्य. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. गोळी झाडताना तेल उडून डोळ्यांत जाते, असेही जवानांचे गाऱ्हाणे होते. पुढे २००५ मध्ये कालिकोटच्या लढाईनंतर नेपाळी लष्करानेही याच रायफलीस दूषणे दिली, तेव्हा देखभाल नीट केली नाही असे उत्तर आपल्याकडून गेले. उत्तर कदाचित खरेही असेल. परंतु ज्या शस्त्राची देखभाल हिमालयातील ठाण्यावर साध्या शिपायाला करता येत नाही, ते शस्त्र पुरते तयार झाले होते असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट हिशेबाची. सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफली २०१९ मध्ये साडेसहाशे ते सातशे कोटींच्या दरम्यान घेतल्या. २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींसाठी ८३७ कोटींचा करार झाला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच रायफलींवर बसवावयाच्या रात्रीच्या दुर्बिणींसाठी सुमारे ६५९ कोटींचा! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असे नसले, तरी मसाल्याचे बिल पहिल्या कोंबडीच्या बरोबरीला आले आहे. दुर्बीण नको असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच की, ती किंमत पहिल्याच दिवशी हिशेबात धरावयास हवी होती. काडतुसांचेही तसेच. सिगचे काडतूस ७.६२ बाय ५१, अमेठीत तयार होणाऱ्या एके-२०३ चे ७.६२ बाय ३९, आणि नव्या कार्बाइनचे ५.५६ बाय ४५ मिलिमीटर. तीन जातींचा दारूगोळा उंच ठाण्यांपर्यंत वेगवेगळा पोहोचविण्याचा खर्च निविदेच्या कोणत्या रकान्यात लिहिला जातो?

अर्थात गुणवत्तेच्या नावाखाली वर्षानुवर्षे काहीच न घेणे, हाही तोडगा नव्हे. तो प्रयोगही आपण केला आहे. ६६,००० रायफलींची २०११ ची निविदा कसोट्या भलत्याच कठीण ठेवल्यामुळे २०१५ मध्ये गुंडाळली गेली. कार्बाइनींसाठी २०१८ मध्ये अमिरातीच्या कंपनीचा दर न्यूनतम ठरला, ९३,८९५ नगांचा सौदा जवळजवळ झाला, आणि २०२० मध्ये तोही रद्द झाला. एके-२०३ चा कारखाना २०१९ मध्ये जाहीर होऊनही किमतीच्या घासाघिशीत करारास २०२१ चा डिसेंबर उजाडला. हातात जुने शस्त्र आणि समोर नवे, ही अवस्था काय असते हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कलाश्निकॉव्हधारी अतिरेक्यांसमोर पोलीस उभे राहिले ते .३०३ रायफली व लाठ्या घेऊन.

म्हणून झालेला करार मोडावा, असे सुचविण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. करार झाला हे उत्तमच. परंतु चाचणीस जे नमुने जातात ते निगुतीने, एकेक करून घडविलेले असतात. शिपायाच्या हाती पडते ती दोन लाखावी बंदूक. तेव्हा प्रत्येक खेपेतून कोणतेही नग उचलून सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत ते पुन्हा तपासले जावेत, व त्या तपासणीत मॅगझिन, स्प्रिंग अशा क्षुल्लक भासणाऱ्या भागांस सूट असू नये. पुरवठा दोन कारखान्यांचा असल्याने तुलनेची आयती संधी सरकारला मिळाली आहे. कोणाची बंदूक किती फैरींनंतर अडकली, सुटा भाग मागितल्यापासून किती दिवसांनी आला, याची नोंद प्रत्येक पलटणीने ठेवावी, आणि पुढील मागणीची वाटणी करताना साठ-चाळीसचे हे प्रमाण त्या नोंदीवरून ठरवावे. ही नोंदवही संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी ठेवण्यास मंत्रालयाची हरकत नसावी. असल्यास तिचे कारण सभागृहात सांगावे.