‘शेतकऱ्यांची यादी’ आपल्याला एक दिसते, कॉम्प्युटरला दोन! हा घोळ काय आहे?

२०२५ च्या पावसाळ्यात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टीमुळे खरिपाचं मोठं नुकसान झालं. त्याच वर्षी राज्यात कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. कागदावरची नावं आता फायलींमध्ये जात आहेत. तिथे मराठीची एक जुनी अडचण पुन्हा समोर येते, ती म्हणजे अक्षरांच्या कोडची.

फायलींचा ‘फेरफार’

जमिनीच्या नोंदीत बदल झाला की फेरफार होतो. सॉफ्टवेअर बनवणारेही फायलींची अशीच नोंद ठेवतात. कुठली ओळ कोणी आणि कधी बदलली, हे त्यात कळतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेलं ‘गिट’ हे यासाठीचं सर्वांत प्रचलित साधन.

पण गिट अक्षरांचा आकार पाहत नाही, त्यामागचे आकडे ताडून पाहतं. युटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून फाइलला ‘लातूर’ नाव दिलं, तर गिटमध्ये ‘ल’च्या जागी ३४०, २४४, २६२ असे आकडे दिसू शकतात. यात फाइल बिघडत नाही. एक सेटिंग बदललं की नाव नीट दिसतं.

खरा घोळ कुठे होतो?

*एकच अक्षर, दोन कोड:* ‘शेतकऱ्यांची’मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण गिट ती ओळ बदलल्याचं दाखवतं. साध्या शोधातही एक प्रकार टाइप केला, तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲग्रिस्टॅक’मधल्या ‘ॲ’चंही असंच आहे.

*जुने फॉन्ट:* डीटीपी सेंटर आणि कार्यालयांमध्ये वर्षानुवर्षं वापरलेल्या अनेक फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसायला असते, आत रोमन अक्षरांचे कोड असतात. अशी फाइल युनिकोडमध्ये आणली की गिटला जवळपास प्रत्येक ओळ बदललेली दिसते. खरी दुरुस्ती त्यात शोधणं अवघड होतं.

*प्रश्नचिन्हं:* देवनागरी नसलेल्या जुन्या पद्धतीत फाइल सेव्ह केली, तर नावांच्या जागी ‘????’ उरतं. तिथे मूळ अक्षर कायमचं जातं. गिटमध्ये आधीची प्रत असेल तर ते परत मिळतं, नसेल तर नाव पुन्हा कागदावरूनच घ्यावं लागतं.

उपाय काय?

सगळ्या फायली युटीएफ-८ मध्येच ठेवणं ही पहिली पायरी. मात्र तेवढ्याने ‘ऱ्य’चा प्रश्न सुटत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरणही हे दोन प्रकार एक करत नाही. त्यासाठी नाव भरतानाच एक प्रकार ठरवावा लागतो आणि दुसरा आपोआप बदलून घ्यावा लागतो. अक्षरांचे कोड बदलण्याचं काम नावांच्या दुरुस्तीपासून वेगळं नोंदवलं, तर कोणाचं नाव खरंच बदललं हे नंतर तपासता येतं.

आणि दोन याद्या जुळवताना केवळ नावावर विसंबू नये, ओळख क्रमांकही पाहावा. नाहीतर नाव यादीत असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळू शकतं, आणि हेलपाटे शेतकऱ्याला पडतात.