काटकसरी जिवाचे काय होणार?

समुद्रातला प्राणवायू कमी होतो आहे, हे आता वादाचे राहिलेले नाही. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगभरच्या समुद्रांनी सुमारे २ टक्के प्राणवायू गमावला. त्यावर एक दिलासाही दिला जातो: काही जीव मरतील, पण कमी प्राणवायूला सरावलेल्यांचे फावेलच. त्यासाठी दाखला म्हणून व्हॅम्पायर स्क्विड पुढे करणे सोपे आहे. हा दाखला तपासून घ्यायला हवा.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात हा फूटभर लांबीचा, लालसर-काळपट जीव ६०० ते ९०० मीटर खोलीवर राहतो. तिथे प्राणवायू पृष्ठभागाच्या मानाने अवघा काही टक्के. शिकारी मासेही तिथे फारसे फिरकत नाहीत. याचे निळे रक्त मात्र तेवढ्यातूनही प्राणवायू ओढून घेते. स्नायू दुबळे, अंग लिबलिबीत, हालचाल जेमतेम; खर्चच इतका कमी की तुटपुंज्या मिळकतीत भागते.

कार्ल कून या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले, पण तो खातो काय, हे पुढे शंभर वर्षे कोडेच होते. मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हेंक-यान होविंग आणि ब्रूस रॉबिसन यांनी ते २०१२ मध्ये सोडवले. दूरनियंत्रित यानांनी टिपलेली वर्षानुवर्षांची चित्रणे त्यांनी पाहिली, पकडलेल्या जिवांना खाऊ घालून पाहिले. आठ बाहूंखेरीज याला दोन लांबलचक तंतू असतात. त्यातला एक पाण्यात सोडून हा निवांत तरंगतो. वरून झिरपणारा गाळ, म्हणजे मेलेले प्लवंग, विष्ठा, बुळबुळीत जाळ्यांचे तुकडे, त्या तंतूला चिकटतो. मग तंतू आखडून बाहूंनी हा माल पुसून घ्यायचा, स्वतःच्या चिकट द्रावात त्याची गोळी वळायची आणि तोंडात सारायची. शिकारीवर जगणाऱ्या शीर्षपादांच्या कुळात हे अजबच.

म्हणजे श्वास खालचा असला, तरी अन्न वरचेच. दिलासा देणारे नेमके हेच विसरतात. पृष्ठभाग तापला की हलके, उबदार पाणी वर बसून राहते, खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत, प्लवंग घटतात आणि खाली पडणारा गाळही आटू लागतो. शिवाय त्या गाळात आता प्लास्टिकही आहे. याच उपसागरात २०१९ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकचे सर्वाधिक प्रमाण पृष्ठभागावर नव्हे, तर २०० ते ६०० मीटरच्या पट्ट्यात आढळले.

प्रजननाची चालही संथ. बहुतेक स्क्विड एकाच हंगामात अंडी घालून मरतात. याची मादी मात्र मध्ये विश्रांती घेत पुन्हापुन्हा अंडी घालते, हे २०१५ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवरून दिसले. असे आयुष्य दीर्घ आणि मंद असते. एकदा घसरलेली संख्या पटकन सावरत नाही.

आपल्या अरबी समुद्रातला कमी प्राणवायूचा थर जगातल्या सर्वांत जाड थरांपैकी एक आहे. काही भागांत तो १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत पसरलेला आहे. तिथे कोण तगेल, याचा अंदाज बांधताना प्राणवायूच्या आकड्याशेजारी वरून पडणाऱ्या गाळाचा आकडाही मांडावा लागेल.