पुंडलिक सेवा कोठे शिकला?

आज देवशयनी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल ठेवावयास जागा उरलेली नाही आणि दर्शनाची रांग गोपाळपूरच्या वाटेला लागली आहे. त्या रांगेत ताटकळणाऱ्या प्रत्येकाला पुंडलिकाची कथा ठाऊक असते. निदान तिचा शेवट ठाऊक असतो. मातापित्यांची सेवा चालली असता देव दारी आला, पुंडलिकाने सेवा न सोडता मागे वीट भिरकावली, आणि देव तिच्यावर उभा राहिला तो आजतागायत. कथेचा पूर्वार्ध मात्र अलीकडे कीर्तनांतूनही घाईने उरकला जातो. पुंडलिक मुळात मातृपितृभक्त नव्हताच. आईबापांची हेळसांड करून काशीच्या वाटेला लागलेला तो पुत्र. वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे त्याने पाहिले ते असे : मलिन वस्त्रे ल्यालेल्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, पाणी भरले, आणि बाहेर पडल्या त्या उजळ होऊन. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती. ज्या मुनीला आईबापांच्या शुश्रूषेपुढे काशीची वाटदेखील ठाऊक नव्हती, त्याच्या अंगणात या नद्या लोकांची पापे धुऊन मळलेले आपले अंग स्वच्छ करावयास येत. म्हणजे पुंडलिक सेवा शिकला तो स्वगृही नव्हे. परक्या आश्रमात, परक्या वृद्धांची चाललेली शुश्रूषा पाहून शिकला.

हा पूर्वार्ध आज मांडण्यास कारण घडले आहे. आमच्या नित्य श्रोत्यांपैकी एक सेवानिवृत्त शिक्षक मध्यंतरी आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून लंडनला नोकरीस आहे. तेथे कॅथलिक नन्सनी चालविलेल्या, गरीब वृद्धांच्या एका निवासात तो दर शनिवारी विनामूल्य सेवेस जातो. टेबले मांडतो, चाकांच्या खुर्चीतून म्हाताऱ्यांना बागेत फिरवितो, ज्यांचे हात थरथरतात त्यांना घास भरवितो. गुरुजी कष्टी होऊन म्हणाले, "बुवा, याची सख्खी आजी इथे अंथरुणाला खिळलेली. आणि हा तिकडे साहेबांच्या म्हाताऱ्यांना भरवतो, तेही मिशनच्या मठात! याला धर्म म्हणायचं का तुम्ही?"

गुरुजींच्या प्रश्नात दोन काटे आहेत. आपले सोडून परक्यांचे का, हा एक. आणि परधर्मीयांच्या दारी का, हा दुसरा. दोन्ही काटे खरे आहेत आणि ते बोचणाऱ्याला हसून वाटेला लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पण उत्तर देण्यापूर्वी तो मठ कोणाचा, हे तरी पाहिले पाहिजे. मुलगा जातो ती संस्था 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर', म्हणजे दीनांच्या धाकट्या बहिणी. तिचे आख्यान कोणाही कीर्तनकाराने उत्तररंगास घ्यावे असे आहे.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठच्या काँकाल गावी १७९२ साली झान ज्यूगाँ ही मुलगी जन्मली. बाप मासेमारीवर गेला तो परतलाच नाही. मुलीने लहानपणी गुरे राखली, पुढे एका वाड्यात स्वयंपाकघरातील मोलकरीण म्हणून काम केले, नंतर इस्पितळात रुग्णसेवा केली. १८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सँ-सेर्व्हाँ या गावात तिने एका अंध व अर्धांगाने लुळ्या झालेल्या निराधार म्हातारीला आपल्या बिऱ्हाडी आणले, स्वतःचा बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर निजू लागली. संस्थेचा आरंभ एवढाच. ना घटना, ना निधी, ना कोनशिला. मागोमाग दुसरी म्हातारी आली, मग तिसरी. दोन वर्षांत जागा अपुरी पडून दुसरी भाड्याने घ्यावी लागली.

पुढचा प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. या वृद्धा गावात भीक मागून जगत. झान त्यांना म्हणाली, तुम्ही आता घरी बसा, तुमच्याऐवजी मी जाईन. कोणत्या दारी कोण काय देते, ते तिने त्यांना विचारून घेतले आणि टोपली घेऊन त्याच दारांशी जाऊन उभी राहिली. एका गृहस्थाने तिला चपराक मारली, तेव्हा ती उत्तरली की ही मला मिळाली, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, असे सांगतात. आमच्या पिढीतील कित्येकांनी वेदपाठशाळेत असताना पाच घरची माधुकरी मागितली आहे. परक्या उंबऱ्यावर उभे राहताना अहंकाराचे काय होते, हे त्यांना समजावून सांगावयास नको. पण माधुकरी मागणारा स्वतःच्या अध्ययनासाठी मागतो. दुसऱ्याची झोळी आपल्या खांद्यावर घेणे ही त्यापुढची पायरी.

१८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला मानाचे पारितोषिक दिले. मात्र त्याआधीच, १८४३ च्या डिसेंबरात, ल पायर नावाच्या धर्मगुरूने तिची प्रमुखपदी झालेली निवड रद्द करून दुसरीला नेमले होते. १८५२ पासून तर तिला मातृमठातच ठेवण्यात आले. संस्थापक म्हणून त्या धर्मगुरूचे नाव लागले. सोबत राहणाऱ्या तरुण भगिनींनाही या म्हातारीचे कर्तृत्व ठाऊक नव्हते. सत्तावीस वर्षे अशी गेली आणि १८७९ मध्ये ती वारली. १८९० मध्ये रोमने चौकशी करून त्या गुरूला पदावरून दूर केले, आणि २००९ मध्ये पोपनी तिला संतपद दिले. धर्मसंस्था आपल्याच संताला कशी वागविते, हे चोखोबांच्या पायरीशी रोज माथा टेकणाऱ्या आम्हांस कोणी निराळे सांगावयास नको.

या भगिनी ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन या तीन व्रतांना जोडून चौथे व्रत घेतात, ते आतिथ्याचे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, गुरुगृहाहून निघालेल्या स्नातकाला आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या पाठोपाठ चौथा देव सांगितला आहे तोही अतिथीच. हा योगायोग असेल. पण गुरुजींच्या पहिल्या काट्याचे उत्तर यातच आहे. आचार्य एका श्वासात चौघांना देव म्हणतात. पहिल्या दोघांचे आटोपल्यावर चौथ्याकडे वळा, असे म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्ही गुरुजींकडूनच काढून घेतली. आजीला जेवताना वारंवार ठसका लागे. घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असे. मुलाला तेथे प्रथम भरविण्याची रीत शिकविली गेली : पाठ सरळ असावी, हनुवटी किंचित खाली, घास लहान, मागचा गिळल्याची खात्री झाल्यावाचून पुढचा नाही, आणि भरविणाऱ्याने उभे न राहता समोर बसावे. हे त्याने दूरध्वनीवरून आईला सांगितले. आजीचा ठसका पुष्कळ कमी झाला. कुक्कुटमुनींच्या आश्रमातून पुंडलिकाने आणले ते याहून वेगळे काय होते? यावर गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग आम्ही विचारले, आजींना भरविते कोण? उत्तर अपेक्षित तेच आले. सून. आमच्या घराघरांतील मातृपितृसेवेची कीर्ती पुत्राची असते, आणि रात्री दोनदा उठून कूस बदलणारे हात सुनेचे. पुंडलिकाच्या कथेत पाय चेपतो तो पुंडलिक स्वतः. बायकोला पुढे करून तो देवाशी बोलावयास बाहेर आला नाही. लंडनला चार पुरुषांबरोबर एप्रन बांधून उभा राहणारा मुलगा उद्या घरी आला, तर आजीचे भांडे धुण्यास त्याला लाज वाटणार नाही. आमच्या मते हा लाभ लहान नव्हे.

आता दुसरा काटा. त्या निवासात भिंतीवर क्रूस आहे, प्रार्थनामंदिर आहे, रोज प्रार्थना होते. ते त्यांचे घर आहे. परंतु कोणत्याही धर्माच्या गरीब वृद्धाला तेथे जागा मिळते, आणि सेवेकऱ्याला त्याचा धर्म न विचारता पोलीस-चौकशीचा दाखला मागितला जातो. हे उचितच, दुर्बळांजवळ जाणाऱ्याची पारख झालीच पाहिजे. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जात असेल तेथे आम्ही विरोधच करू, मग मागणारा कोणीही असो. येथे तसे काही आढळत नाही. या भगिनींचे काम कलकत्त्यात १८८२ पासून आहे, तेव्हा त्यांना पारखण्यास सातासमुद्रापार जाण्याचीही गरज नाही. उलट खरी चिंता त्यांचीच आहे. पश्चिमेत व्रत घेणाऱ्या मुली घटल्या, भगिनी स्वतः वृद्ध झाल्या आणि कित्येक घरे त्यांना सोडून द्यावी लागली. परदेशी तरुणांचे हात तेथे हवेसे झाले आहेत ते यामुळेही.

सेवेच्या नावाने परदेशी जाणाऱ्या सर्वांचे मात्र आम्ही कौतुक करणार नाही. आठ दिवस जायचे, म्हाताऱ्यांच्या गळ्यात हात टाकून छायाचित्रे काढायची, आणि त्यांना आपला लळा लागला की निघून यायचे, हा यात्रेचाच एक प्रकार होय. त्यात वृद्धांना काय मिळाले? संस्कृतात शुश्रूषेला परिचर्या म्हणतात. भोवती वावरणे हा तिचा मूळ अर्थ. तो वावर दर शनिवारी, पावसात आणि थंडीत, दोन वर्षे चालतो तेव्हा त्याला सेवा हे नाव शोभते.

आणि आपल्या क्षेत्री काय आहे? आईबापांना टाकून देणाऱ्यास २००७ च्या केंद्रीय कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरी वारी पांगल्यावर वाळवंटात मागे राहिलेले म्हातारे पंढरीने पाहिलेले आहेत. टाकलेल्या अर्भकांसाठी या गावात १८७५ साली आश्रम निघाला तो प्रार्थनासमाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने. मठ-फडांपैकी कोणाच्या नव्हे. कीर्तनकारांची लाज राखली ती गाडगेबाबांनी. आधी खराटा, मग कीर्तन, आणि जमलेल्या पैशांतून धर्मशाळा, हा त्यांचा क्रम होता.

धर्मशाळा आज उदंड आहेत. चातुर्मासासाठी राहणारे वारकरी सोडले, तर पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की त्यांतील बहुतेक खोल्यांना कार्तिकीपर्यंत कुलपे लागतात. त्यांपैकी चार खोल्या, तळमजल्यावरच्या, शौचकूप जवळ असलेल्या, निराधार वृद्धांसाठी कायमच्या मोकळ्या कराव्यात असा आमचा आग्रह आहे. अन्नाची चिंता नाही. अन्नछत्रे चालूच आहेत. हात मात्र हवेत, आणि ते आठवड्यातून एक दिवस ठरवून येणारे हवेत. काल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन मठाधिपतींना भेटावयास जाणार आहोत. गुरुजींना बरोबर येण्याविषयी विचारले आहे. त्यांनी मुलाला विचारून कळवितो असे सांगितले.