आरोग्य आणि आपण : छातीतील कळ

छातीत दुखू लागले की बहुतेक घरांत पहिला दोष वायूला दिला जातो आणि ओव्याची पूड पुढे येते. कित्येकदा हा तर्क बरोबरही ठरतो. परंतु विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनमध्ये ज्या दुखण्याचे वर्णन केले, ते चालताना, विशेषतः चढणीवर व जेवणानंतर, उद्भवे आणि थांबताच शमे. ईसीजी तेव्हा कोठला! रोग्याचे सांगणे हेच त्याचे साधन होते.

आजही निदानाचा आरंभ तेथूनच होतो. कळ केव्हा आली, किती वेळ टिकली, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली काय, विसाव्याने उतरली काय, हे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगावे. बोटाने दाखविता येणारी, दाबल्यावर वाढणारी टोचणी बहुधा हृदयाची नसते. पण ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. स्त्रियांत व मधुमेही रोग्यांत तर नुसती धाप, मळमळ किंवा अतोनात थकवा एवढेच लक्षण असू शकते.

एक ईसीजी निर्दोष आला म्हणून घरी परतण्याची घाई आम्हांस तरी योग्य वाटत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला आलेख निर्दोष दिसू शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजतात. रोहिणीतील अडथळा प्रत्यक्ष पाहावयाचा तर अँजिओग्राफी.

स्वस्थ बसूनही काही मिनिटांत कळ न थांबल्यास, किंवा घाम फुटल्यास, तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्याला जिना चालत उतरू देऊ नये.